स्कोकीच्या वाटेवर थंडीपेक्षा घामाला जपा

मुंबईकर बर्फात निघाला की असेल नसेल ते अंगावर चढवतो. स्कोकी लॉजच्या वाटेवर हीच सवय नडते. चढावर घाम फुटतो, कपडे आतून भिजतात आणि झाडं संपून वारा लागला की दहा मिनिटांत दातखीळ बसते.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातलं हे ओंडक्यांचं लॉज तिथल्या हौशी स्कीवाल्यांनी १९३०-३१ मध्ये उभारलं. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. वीज नाही, नळ नाही, गाडीरस्ता नाही. लेक लुईसच्या स्की रिसॉर्टजवळून ११ किलोमीटर स्की किंवा स्नोशूवर (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) जायचं. जेवण आणि अंथरूण-पांघरूण तिथेच मिळतं, त्यामुळे सॅक आठ किलोंवर नेऊ नका.

गुलमर्गला लिफ्टने वर जाऊन स्की शिकलेल्यांनीही पहिल्यांदा स्नोशूच घ्यावेत. चढाच्या स्कीला टाच मोकळी लागते, तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, चिकटवाव्या लागतात. ते तंत्रच वेगळं. स्नोशूवर तीव्र चढ आला की टाचेखालची तार उभी करा, पोटऱ्या वाचतात. उतारावर ती आठवणीने पाडा, नाहीतर तोंडावर पडाल. आणि स्कीच्या चाकोरीतून चालू नका, शेजारून चाला. पावलांचे खड्डे रात्रीत गोठतात आणि मागून येणाऱ्याची स्की त्यात अडकते.

निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. अंगाला सुती बनियन अजिबात नको, लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर हवा. सुरुवातीचा रस्ता रुंद आणि चढाचा; इथेच घाम येतो, म्हणून जॅकेट सॅकमध्येच राहू द्या. पुढे हाफवे हट लागते. आडोसा आहे, तेव्हा ओला थर आणि ओले हातमोजे इथेच बदला. बोल्डर पासच्या आधी शेवटची झाडं दिसली की वारारोधक जॅकेट घाला. वर टार्मिगन तलावाच्या उघड्या पठारावर सॅक उघडायची म्हटली तर बोटं चालत नाहीत. त्यापुढचा डिसेप्शन पास २,४७५ मीटरवर आहे. माथा आला आला वाटतं आणि येत नाही. त्याचं नाव सार्थ आहे.

या वाटेवर हिमस्खलनाचे उतार आहेत. पार्क्स कॅनडाचा त्या दिवसाचा इशारा वाचल्याशिवाय निघू नका. बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि बीकनने शोध घेण्याचा सराव आधीच झालेला हवा. धोका जास्त असेल तर मुक्कामाचे पैसे गेले तरी चालतील, मागे फिरा. जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि स्नोशूवर पाच-सहा तास सहज लागतात. नऊच्या आत वाटेला लागा.

तयारी मुंबईतच होते. सॅक भरून बिल्डिंगचे जिने चढा-उतरा, रविवारी कान्हेरीपर्यंत चाला. खाऊची परीक्षा घरच्या फ्रीजरमध्ये घ्या. तिथे साधारण उणे १८ अंश असतं, म्हणजे तिकडच्या जानेवारीतल्या सकाळसारखंच. चिक्की, खजूर, लाडू रात्रभर ठेवा आणि सकाळी चावून पाहा. जे दाताने तुटत नाही त्याचे घासाएवढे तुकडे करून आतल्या खिशात ठेवायचे. पाण्याची नळीवाली पिशवी घरीच राहू द्या, नळी आधी गोठते. रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. मोबाईल अंगालगत ठेवा, बाहेर बॅटरी झपाट्याने उतरते.

लॉजवर पोचल्यावर चहाआधी कोरडा थर चढवा. हातमोजे आणि बुटांचे आतले अस्तर शेगडीपासून हातभर लांब टांगा. अगदी जवळ ठेवलं तर चामडं कडक होतं आणि स्किन्सचा गोंद पातळ होऊन पसरतो. दुसऱ्या दिवशी परतीच्या चढाला त्या चिकटतच नाहीत.