मोठ्यांना विचारा

मुले हसली म्हणून एवढे मनाला लावून घेऊ नये, असे नाना सकाळपासून सांगत आहेत. त्यांचे म्हणणे पटते, पण ते हसू काही डोक्यातून जात नाही.

२ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, त्याच्या स्मरणार्थ दर वर्षी रेझिंग डे सप्ताह असतो. त्यातलाच कालचा कार्यक्रम, कालव्यापलीकडच्या अभ्यासिकेत, अकरावी-बारावीच्या मुलांपुढे. भाड्याने दिलेले बँक खाते हा विषय मी मागून घेतला होता. कोयते आणि मारामाऱ्या यांवर त्यांना कोणी ना कोणी ऐकवतच असते. खात्याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही आणि मुलांना तो गुन्हा वाटतही नाही. अठरा पूर्ण झाली की आपल्या नावाने खाते उघडायचे, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम दुसऱ्याच्या हवाली करायचे आणि काही हजार रुपये घ्यायचे, एवढाच तो व्यवहार. मग कुठल्या तरी शहरातल्या निवृत्त माणसाला ‘डिजिटल अटके’ची, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचे भासवून खोट्या अटकेची, भीती घालून उकळलेले पैसे त्या खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यांत पांगतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार झाली की पैशांचा माग काढत खाती गोठवली जातात आणि पोलीस बहुधा आधी या मुलाच्याच दारात येतात, कारण त्या साखळीत खरे नाव आणि खरा पत्ता त्यानेच दिलेला असतो.

इथवर सगळी नीट ऐकत होती. १९३० हा क्रमांक त्यांना पाठच होता. माझ्यामुळे नव्हे, मध्यंतरी फोन लावला की आधी जी सरकारी सूचना ऐकावी लागे, तिच्यामुळे. (त्याआधीचा १५५२६० मला स्वतःला कधी पाठ झाला नाही.) मग मी म्हणाले, “कोणी खाते मागितले तर लगेच होकार देऊ नका, वस्तीतल्या एखाद्या मोठ्या, जाणत्या माणसाला आधी विचारा.” आणि सगळी खोली हसली.

गुडघ्यांचे हे असे असताना तो जिना चढून जायचे, वहिनींची बोलणी खायची, आणि वर हे. माझी भाषा फार पुस्तकी झाली का, की या वयाच्या बाईने सिमकार्डाबद्दल बोलणेच मुळात विनोदी आहे, असे बरेच काही रात्री मनात येऊन गेले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, हे मला तेव्हाही कळले होते. पण त्याने फारसे बरे वाटले नाही.

खरे कारण सतरंज्या गोळा करणाऱ्या मुलाने सांगून टाकले होते, मला ते ऐकू यायला रात्र जावी लागली. “मॅडम, खातं मागायला मोठाच माणूस येतो ना.” येतो तो अनोळखी भामटा नसतो. त्याने कोणाच्या तरी बहिणीची फी भरलेली असते, कोणाच्या आजीला रात्री रिक्षात घालून दवाखान्यात नेलेले असते, गणपतीत सर्वांत मोठी वर्गणी त्याची असते. विचारायचे ते त्यालाच, आणि मागतो तोही तोच. अशा माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे, याचे उत्तर माझ्या टिपणांत नव्हते आणि पोलीस ठाण्याने दिलेल्या पत्रकातही नाही. सल्ला म्हणून माझे वाक्य बरोबरच आहे, असे मला अजूनही वाटते. फक्त तो जिथे उपयोगी पडेल ती वस्ती मला ठाऊक नाही.

म्हणजे ती मला हसलीच नव्हती. रात्रभर मी ज्याचा अपमान म्हणून हिशेब मांडत बसले, त्यात माझा वाटा जेमतेम एका वाक्याचा निघाला, आणि याचे थोडे वाईटही वाटले, हे नानांना सांगितलेले नाही.

दुपारी अभ्यासिकेतून फोन आला. मुले पुन्हा बसायला तयार आहेत, या वेळी बोलणार ती आणि ऐकणार मी. अट एकच: गणवेशातले कोणी मागे बसलेले नसावे. कार्यक्रम पोलीस ठाण्याचा आहे. ही अट साहेबांच्या कानावर कोणत्या शब्दांत घालावी, याचा कच्चा मसुदा दुपारपासून तीनदा खोडून झाला आहे, असे लिहिणार होते. पण अजून एक ओळही लिहिलेली नाही.