ओली उशी

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात एक जोडपे आपल्या चौथीतल्या मुलाला घेऊन आले. सोबत वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती: ‘एका जागी बसत नाही, लेखन अपुरे ठेवतो, एडीएचडीचा दाखला आणावा.’ एडीएचडी म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता. हे निदान आधीच झाले होते; माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता.

वडिलांना ते मान्य नव्हते. “शाहू स्टेडियमवर पोरगं दोन-दोन तास मॅच बघतंय की ओ मॅडम, तवा बरं हलत न्हाई!” हा युक्तिवाद मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि दर वेळी सांगते, की आवडीच्या गोष्टीत रमणे वेगळे आणि कंटाळवाण्या कामावर लक्ष टिकवणे वेगळे, या मुलांचे घोडे अडते ते दुसऱ्या ठिकाणी. आमचे बोलणे चालू असताना मुलगा सँडलचा चिकटपट्टा चर्र चर्र काढत-लावत होता. शेवटी आईने त्याचा पायच धरून ठेवला.

कान आणि डोळे तपासून घेतले, ते ठीक होते. शाळेचा आणि घरचा असे दोन तक्ते भरून आले. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेतल्या २०१३ सालच्या निकषांनुसार अवधानाच्या अभावाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात आणि ती केवळ शाळेत किंवा केवळ घरी दिसून चालत नाही. शाळेने अवधानाच्या अभावाची सात लक्षणे नोंदवली होती, घरच्यांनी सहा. मी लिहायला पेन उचललेही होते.

तेवढ्यात त्याच्या ओठांकडे लक्ष गेले. ते फुटलेले होते, आणि सर्दी नसतानाही तोंड सतत उघडे होते. खरे तर झोपेची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. ती माझ्याकडून राहिली होती.

“आज्जासारखं घोरतंय,” आई हसत म्हणाली. “सकाळी उशी वली असती.”

झोप मोडलेला मोठा माणूस पेंगतो. मूल पुष्कळदा उलट जास्तच चळवळ करते, चिडते, विसरते. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा नाकामागचे ॲडेनॉइड, म्हणजे वाढल्यास श्वासाची वाट अडवणारी मऊ गादी, खूप वाढल्याचे आढळले. दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली.

फेब्रुवारीत तक्ते पुन्हा भरून घेतले. चिडचिड ओसरली होती आणि घरच्या तक्त्यात चारच लक्षणे उरली होती. शाळेच्या तक्त्यात मात्र अजून सहा होती, आणि बालवाडीपासूनची हकिगतही त्यांना जुळत होती. निदान मी त्या दिवशी लिहिले. पहिला बाक, तुकड्या-तुकड्यांनी अभ्यास आणि पालकांसाठी काही सत्रे असे सुरुवातीचे ठरले. औषधाचा विचार त्यानंतर करायचा होता.

“मग आपरेशन उगंच केलं म्हणायचं?” वडिलांनी विचारले.

मी आईला उशीबद्दल विचारले.

“कोरडी असती की आता,” ती म्हणाली.