जांघेतलं अवधाण

बाल्कनीतल्या गुलाबाचा काटा बोटात मोडला आणि दुपारचं जेवण होईतो बोट ठसठसायला लागलं. लाल, गरम, टम्म. सुई घेऊन काढायचं सोडून मी ते सारखं दाबून बघत बसलो. दुखणार हे माहीत असताना दाबून बघायची ही खोड काही माझी जायची नाही.

लहानपणी मोडायचा तो बाभळीचा. अनवाणी रानात जायची बंदी, त्यामुळे काटा लपवणं आलंच. एक-दोन दिवस न लंगडता चालणं जमायचंही. मग जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, यायचं, पाय फेंगडा पडायचा आणि आजी ओट्यावरूनच ओरडायची, "इकडं ये. पाय दाखव." चिमणीवर तापवलेली सुई, माझी बोंबाबोंब आणि वर गूळ-चुना. टाचेतल्या काट्याची चुगली जांघेनं करावी, याचा मला भयंकर राग यायचा.

तिथं चौकीच असते हे पुढे कळलं. पायाकडून येणारी लसिका, म्हणजे शरीरातून झिरपणारा पातळ द्रव, जांघेतल्या गाठींमधून गाळून पुढे जाते. जंतू सापडले की तिथंच पांढऱ्या पेशींची भरती सुरू होते, गाठ फुगते, दुखते. काट्याभोवतीचा पूसुद्धा बराचसा लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच. या पेशी धावून येतात आणि जंतू गिळतात, हे ताडलं एल्या मेच्निकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञानं. १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिनाला, आणि तेही गुलाबाच्या काट्यानं! तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये त्यानं काटे खुपसले आणि रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. आम्हाला गूळ-चुना.

आजीची आई लहान असताना गावात प्लेग आला होता. सगळं गाव माळावर, झोपड्यांत. प्लेगची पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ याच जांघेत येते. पण तिथं जंतू अडत नाहीत, उलट चौकीतच वाढतात. १८९७ साली पुण्यात गोरे सोजीर घरांत शिरून बायामाणसांच्या काखा-जांघा तपासत होते, ते याच गाठीसाठी. आजीनं स्वतः प्लेग पाहिला नव्हता. तरी अवधाण दिसलं की ती आधी कपाळाला हात लावून ताप नाही ना बघायची, आणि मगच शिव्या द्यायची.