तुम्ही विचारलंत म्हणून: मणक्याची इजा आणि लिंगाची ताठरता

मणक्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेले तरुण कोल्हापुरात माझ्या घरी येतात, जखमांविषयी व लघवीच्या नळीविषयी सगळे विचारतात आणि निघताना, सोबतची आई चपला घालायला बाहेर गेली की हळूच विचारतात, “दादा, ताठरता पुन्हा येईल का?” कागल रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटून माझा छातीचा पाचवा मणका मोडला, तेव्हा हा प्रश्न मलाही छळत होता, पण ज्या रुग्णालयात मी अनेक आठवडे होतो तिथे याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

नळी घालताना लिंग आपोआप ताठ होत असे आणि मी शरमेने डोळे मिटून घेत असे. पुढे एका मूत्ररोगतज्ज्ञाने सांगितले की ती शरमेची नव्हे, आशेची खूण आहे. स्पर्शाने येणारी ताठरता मज्जारज्जूच्या अगदी तळच्या भागातून चालते. इजा त्याच्या बरीच वर असेल, तर मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, तरी तळचे हे काम बहुधा चालू राहते. ती ताठरता फार वेळ टिकत नाही, आणि सिल्डेनाफिलची (व्हायग्रातले औषध) गोळी नेमकी तिथे उपयोगी पडते. तळच्याच भागाला इजा असेल, तर गोळीचा भरवसा कमी होतो. मग लिंगात घ्यायचे इंजेक्शन किंवा व्हॅक्यूम पंप हे मार्ग उरतात. पंपाने आलेली ताठरता टिकवायला लिंगाच्या मुळाशी चढवलेली रिंग 30 मिनिटांच्या आत काढायलाच हवी, कारण आपल्याला दुखणे कळत नाही. इंजेक्शनची मात्राही आपल्यासारख्यांना कमीच लागते, आणि ताठरता 4 तास उतरली नाही तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

मित्राकरवी मेडिकलमधून गोळी आणवून गुपचूप घेऊ नका, असे मी कळकळीने सांगतो. वरच्या इजेत रक्तदाब मुळातच कमी असतो, म्हणून माझी सुरुवात 25 मिलिग्रॅमने झाली. शिवाय छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांचा रक्तदाब मूत्राशय तुंबल्यासारख्या कारणाने एकदम भडकतो, डोके फुटायला येते, घाम सुटतो. अशा वेळी डॉक्टर कधी कधी नायट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारे औषध, देतात, आणि अंगात सिल्डेनाफिल असताना नायट्रेट दिले तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून गोळी घेतल्याची वेळ मी चिठ्ठीवर लिहून व्हीलचेअरच्या पिशवीत ठेवतो, आणि ती पिशवी कुठे आहे हे माझ्या पत्नीला ठाऊक असते.