अडीच लाख किलोमीटर चाललेली बॉक्स्टर सांभाळताना

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला निघालेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते आणि बहुतेक वेळा तिथेच अडकून राहते. वीस-पंचवीस वर्षांची, जेमतेम साठ हजार किलोमीटर चाललेली, कायम गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी, अशी जाहिरात दिसली की खरेदीदारांची रांग लागते. तीच गाडी दोन लाखांच्या पुढे गेलेली असेल, तर किंमत निम्म्यावर येऊनही तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. श्टुटगार्टमध्ये राहून २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर एस, म्हणजे कापडी छताची दोन आसनी स्पोर्ट्स कार, काही वर्षे वापरल्यावर आणि तिची बरीचशी कामे स्वतःच्या हाताने केल्यावर मला ही रीत चुकीची वाटू लागली आहे. गाडीचे चालणे आणि गाडीचे म्हातारे होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची लक्षणे आणि औषधे वेगळी आहेत, आणि या दोहोंपैकी चालण्याचे दुखणे पुष्कळ सोपे आहे.

गाडी चालल्यामुळे जे झिजते ते ठरलेले असते. क्लच झिजतो, ब्रेकच्या डिस्क पातळ होतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सैल पडतात, सस्पेन्शनच्या आर्मचे बॉल जॉइंट खडखडू लागतात. यातला प्रत्येक भाग मुळातच बदलण्यासाठी बनवलेला असतो, त्याची किंमत माहीत असते आणि तो बदलल्याची पावती फाइलमध्ये लावता येते. वयाचे तसे नसते. रबर कडक होते, प्लास्टिक ठिसूळ होते, तेलाची सील सुकतात, टायर न झिजताच आतून म्हातारे होतात, आणि हे सगळे गाडी उभी असली तरी चालूच राहते. इंजिन आठवड्यातून एकदा तरी पुरते गरम झाले, तर आत साठलेला ओलावा उडून जातो आणि सील तेलात भिजलेली राहतात. महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या नशिबी तेवढेही येत नाही. त्यामुळे साठ हजार किलोमीटरवाली गाडी घेणाऱ्याला बरेचदा तिचे मूळचे पंचवीस वर्षे जुने होज, मूळचा पाण्याचा पंप आणि मूळचीच सील मिळतात, कारण इतके कमी चाललेल्या गाडीचे हे भाग बदलावेत असे कोणाला वाटलेलेच नसते. माझ्या गाडीत हे सगळे बदलून झालेले आहे.

या गाडीचा जन्म पोर्शेच्या पडत्या काळातला आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची विक्री कोसळली होती आणि ती टिकेल की विकली जाईल याबद्दल उघड चर्चा होत होती. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रे हाती घेतल्यावर जपानी सल्लागारांना श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझनच्या कारखान्यात आणून उत्पादनाची सगळी घडी बदलली. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचे संकल्पना-मॉडेल दाखवले गेले आणि १९९६ मध्ये प्रत्यक्ष गाडी बाजारात आली. मागोमाग आलेल्या पोर्शेच्याच नव्या ९११ या गाडीशी तिचे पुढचे बरेचसे अंग सामायिक होते, इंजिन एकाच घराण्याचे होते, आणि मागणी इतकी होती की काही गाड्या फिनलंडमधल्या व्हाल्मेटच्या कारखान्यात बनवून घ्याव्या लागल्या. आज जुनी बॉक्स्टर सांभाळणाऱ्याला या सामायिकतेचा फार मोठा फायदा होतो. सुटे भाग मिळतात, ते बनवणारे इतरही उत्पादक आहेत, आणि ही इंजिने आतून-बाहेरून जाणणारे मेकॅनिक श्टुटगार्टच्या आसपास गावोगावी आहेत.

तरी या इंजिनाचे एक मर्मस्थान आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण गाडी घ्यावी की नाही हा प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो. इंजिनाच्या पोटात एक मधला शाफ्ट असतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टकडून मिळालेली गती तो साखळ्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. फ्लायव्हीलच्या बाजूला हा शाफ्ट एका बंद बॉल बेअरिंगवर टेकलेला असतो. त्या बेअरिंगमध्ये कारखान्यात भरलेले ग्रीस असते, पण वर्षे जातात तशी त्याची सील हार खातात, आतले ग्रीस हळूहळू धुऊन जाते आणि त्याच्या जागी थोडेसे इंजिन ऑइल शिरते, जे बाहेर पडून ताजे होऊ शकत नाही. अशा अर्धवट वंगणावर फिरता फिरता बेअरिंग खिळखिळे झाले, तर शाफ्ट डुगडुगतो, साखळीचे टायमिंग सरकते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन त्या क्षणी संपते. पहिल्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळींचे बेअरिंग होते; २००० सालाच्या सुमारास एका ओळीचे आले आणि तेच जास्त नाजूक निघाले. अमेरिकेत यावर सामूहिक खटला झाला, २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली, आणि त्या निमित्ताने एका ओळीच्या बेअरिंगसाठी सुमारे आठ टक्के गाड्यांत बिघाड हा आकडा सर्वत्र उद्धृत होऊ लागला.

आठ टक्के हा आकडा लहान नाही, पण त्याची दुसरी बाजूही वाचायला हवी. ज्या गाड्यांचे बेअरिंग निसटायचे होते, त्यांपैकी पुष्कळ गाड्या एव्हाना भंगारात गेल्या आहेत किंवा दुसरे इंजिन घेऊन फिरत आहेत. नेमाने चालवलेल्या आणि वेळेवर तेल बदललेल्या गाड्यांना हा त्रास कमी होतो, असे या इंजिनांवर काम करणारे मेकॅनिक सांगतात, आणि कारण उघड आहे: उभ्या गाडीच्या जुन्या तेलातला ओलावा आणि आम्ल त्या बेअरिंगच्या सीलवर सतत काम करत असतात. शिवाय या वर्षांच्या इंजिनांत हे बेअरिंग बदलता येते. त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते, म्हणून शहाणा मालक क्लच बदलायची वेळ आली की बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील एकाच खेपेला बदलून घेतो. मीही तेच केले आणि सिरॅमिक गोळ्यांचे बेअरिंग बसवून घेतले. सगळे मिळून तीन हजार युरोंच्या आसपास खर्च आला. हे काम मी स्वतः केले नाही आणि कोणी घरी करावे असेही मला वाटत नाही, कारण कॅमशाफ्ट जागच्या जागी जखडून ठेवताना केसभर चूक झाली तरी ज्या अपघातापासून इंजिन वाचवायचे तोच आपल्या हातून घडू शकतो.

त्यानंतर माझ्याकडे उरले ते देखरेखीचे काम, आणि त्यात सगळ्यात जास्त माहिती देणारी गोष्ट म्हणजे ऑइल फिल्टर. कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या साधारण निम्म्यावर मी तेल बदलतो. या इंजिनाला साडेआठ-नऊ लिटर लागते. फिल्टरचे प्लास्टिकचे भांडे पान्याने सोडवून आतला कागदी फिल्टर बाहेर काढायचा, त्याच्या दोन्ही टोकांचे कागद धारदार पात्याने कापायचे, आणि घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरून दिव्याखाली एकेक घडी उलगडत पाहायची. बोटांना काळे तेल लागते, पण डोळ्यांना जे दिसते त्यावरून इंजिनाची तब्येत कळते. राखेसारखी बारीक चमक असेल, तर ती नेहमीची झीज. तपकिरी प्लास्टिकचे तुकडे दिसले, तर साखळीची मार्गदर्शक पट्टी झिजते आहे. धातूचे कण दिसले, तर त्यांवरून चुंबक फिरवायचे; चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंगची शंका, आणि न चिकटणारे चकचकीत कण असतील, तर अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे दुखणे दुसरीकडे. प्रत्येक फिल्टरचा फोटो मी तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो. जुने तेल, विकत घेतल्याची पावती दाखवली की, दुकानदाराला परत घ्यावेच लागते, असा इथला कायदा आहे. तो मला फार आवडतो.

इंजिनाच्या खालोखाल या गाडीचा शत्रू म्हणजे पाणी, आणि त्याचा किलोमीटरशी काडीचाही संबंध नाही. कापडी छत मागे जिथे घडी होऊन बसते, तिथे दोन्ही बाजूंना पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे आहेत. छत अर्ध्यावर थांबवून दाराच्या मागच्या कोपऱ्यात बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिले, की ती दिसतात, किंवा दिसायला हवीत. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे कुजलेल्या पानांचा काळा चिखल बसलेला असतो. मी गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी आत सरकवून तो मोकळा करतो, मग पेलाभर पाणी ओततो आणि मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर धार पडते का ते पाहतो. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते टाळले तर पाणी आत येते, गालिच्याखालचा जाड फोम ते शोषून घेतो, आणि डाव्या सीटखाली बसवलेले इमोबिलायझरचे, म्हणजे चावी ओळखणारे, युनिट त्यात भिजते. मग दारे आपोआप उघडतात, अलार्म मध्यरात्री वाजतो आणि एके दिवशी गाडी चावी ओळखायचेच नाकारते. जुनी बॉक्स्टर पाहायला जाणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी सीटमागचा गालिचा हाताने दाबून पाहावा.

माझ्या गाडीच्या छताची मागची खिडकी अजून प्लास्टिकची आहे. काचेची २००३ च्या मॉडेलपासून आली. थंडीत छत उघडायचे नाही आणि उघडताना मध्येच थांबून खिडकीची घडी हाताने नीट बसवायची, एवढे पथ्य पाळले तर ती टिकते. पुढच्या बंपरच्या तोंडात दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर असतात, एस मॉडेलमध्ये मध्यभागी तिसराही असतो, आणि त्यांच्या पुढ्यात पाने साठून एसीचे कंडेन्सर कुजतात. दर शरद ऋतूत तिथली सफाई करावी लागते. कूलंटची टाकी मागच्या डिकीत असते आणि कधी ना कधी तिला तडा जातोच. तेलाची वाफ वेगळी करणाऱ्या भागातला रबरी पडदा फाटला, तर सकाळी मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि पाहणाऱ्याला इंजिन गेले असे वाटते; प्रत्यक्षात भाग स्वस्त असतो, फक्त तो हात पोचणार नाही अशा जागी बसवलेला आहे. बॉक्स्टरचे इंजिन सीटच्या मागे दडलेले असल्याने डिकी उघडल्यावर मालकाला तेलाचे आणि कूलंटचे झाकण एवढेच दिसते, आणि बाकी सगळे खालून किंवा सीटमागचे पत्रे काढून करावे लागते.

खालून काम करायचे तर लिफ्ट हवी, आणि ती भाड्याने मिळते. तासाच्या हिशेबाने लिफ्ट, पाने आणि गरज पडल्यास एखाद्या अनुभवी माणसाचा सल्ला देणारी गॅरेजे जर्मनीत पुष्कळ शहरांत आहेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईत गाडी म्हटले की ओळखीचा मेकॅनिक आलाच, आणि मालकाने स्वतः गाडीखाली जाणे जरा कमीपणाचे मानले जाते. इथे बाजूच्या लिफ्टखाली निवृत्त शिक्षक आपल्या गाडीचे ब्रेक बदलताना दिसतो आणि न मागता टॉर्क पाना पुढे करतो. दर दोन वर्षांनी होणारी ट्युफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे पाहणारी सक्तीची, तपासणी ही अशा मालकांची परीक्षाच असते. तपासनीस इंजिनाखाली नुसता ओलावा दिसला तर किरकोळ दोष लिहितो, पण थेंब टपकताना दिसला तर गाडी नापास होते आणि महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा दाखवावी लागते. सक्तीची वाटावी अशी ही पद्धत जुन्या गाड्यांचे आयुष्य वाढवते असे माझे ठाम मत आहे, कारण बॉल जॉइंटमधली ढिलाई मालकाला रोजच्या सवयीने जाणवेनाशी होते, पण तपासनिसाच्या लोखंडी दांड्यापुढे ती लपत नाही.

घरून फोन आला की ही गाडी पुण्याला कधी आणणार, असे विचारले जाते. ते शक्य नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते. माझ्या गाडीत दोन्ही गोष्टी बसत नाहीत. तिचे रस्ते इथेच आहेत. बाड उराखहून श्वेबिश आल्बच्या पठारावर चढणाऱ्या वळणांवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे सहा सिलिंडरचा आवाज पाठीमागून कानाजवळ येतो, आणि इंजिन दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये असल्यामुळे गाडी वळणात अशी सहज फिरते की या किमतीत दुसरीकडे ते मिळवणे अवघड आहे. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून डांबराचा पोत हाताला कळतो. २५२ अश्वशक्ती आज कुठल्याही विजेच्या गाडीपुढे किरकोळ ठरतील, पण चढावर त्या सगळ्या वापरायला मिळतात.

जर्मनीत गाडीला पहिल्या नोंदणीपासून तीस वर्षे झाली की ती ऐतिहासिक वाहनाच्या नोंदणी क्रमांकासाठी पात्र ठरते. १९९६ च्या अखेरीस नोंदलेल्या पहिल्या बॉक्स्टर २०२६ च्या अखेरीस त्या वर्गात बसतात आणि माझी २०३१ मध्ये बसेल. कर कमी होतो, पण गाडी मूळ रूपाच्या जवळ आणि चांगल्या स्थितीत असावी अशी अट आहे. म्हणून मूळचा रेडिओ, मूळची चाके आणि काढून ठेवलेला मूळचा एक्झॉस्ट मी तळघरात जपून ठेवला आहे, आणि पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मसाठीही कारखान्याच्याच क्रमांकाचे भाग मागवले आहेत. किलोमीटर किती झाले हे त्या तपासणीत कोणी विचारत नाही, त्यामुळे तोपर्यंत ती आताइतकीच चालत राहील. पुढचे तेल ऑक्टोबरात, रस्त्यांवर मीठ पडायच्या आधी.