अकाउंट्सच्या मुलाखतीला जाताय? आधी स्वतःचा रेझ्युमे वाचा

मी अंधेरी पूर्वेला एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल पोचवण्याची व्यवस्था बघणाऱ्या, कंपनीत अकाउंट्स बघते. आमच्याकडे ज्युनिअरची जागा निघाली की उमेदवाराशी आधी एचआर बोलतं, मग तो माझ्या टेबलापाशी येतो. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता" वगैरे एचआरने विचारून झालेलं असतं. मला त्या उत्तरात रस नाही. मी रेझ्युमे समोर ठेवते, एका ओळीवर बोट ठेवते आणि म्हणते, "हे जरा सांग." बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

अडणारच, कारण रेझ्युमे दुसऱ्याचाच असतो. मित्राचा उचललेला, सायबर कॅफेवाल्याने टाइप केलेला, आणि आता चॅटजीपीटीने लिहिलेला. त्यात "स्टॅच्युटरी कम्प्लायन्स अँड फायनान्शियल ऑपरेशन्स" असं भरभक्कम काहीतरी असतं. खोदून विचारलं की कळतं, मुलगा दिवसभर खरेदीची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवत होता. अरे मग तसं लिही ना! बिलं नीट चढवणारा माणूसच मला हवा असतो. चुकीच्या लेजरला, म्हणजे चुकीच्या खात्यात, गेलेली एक एंट्री शोधायला मार्चमध्ये काय हाल होतात ते आम्हाला विचारा.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधली मुलगी मागे एकदा आली होती. बी.कॉम., एका छोट्या ट्रेडिंग फर्ममध्ये दोन वर्षं काम. "काकू, मुलाखत आहे. काय काय विचारतील?" प्रश्नांची यादी द्यायची सोडून मी तिचा रेझ्युमे मागितला. त्यात एक ओळ होती, "जीएसटी हॅन्डल केला."

"हॅन्डल केला म्हणजे काय केलंस?"

"रिटर्न भरायचे."

"तू भरायचीस?"

"नाही, सीए भरायचे. मी त्यांना डेटा द्यायचे."

"कसला डेटा?"

मग हळूहळू बाहेर आलं. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांचा तक्ता) तयार झालं की ती ते उतरवून घ्यायची, खरेदीच्या नोंदवहीशी एकेक बिल ताडून बघायची, आणि ज्यांची बिलं २बीत दिसत नाहीत त्या पुरवठादारांना फोन लावायची. एका पॅकिंगवाल्याची बिलं काही केल्या दिसेनात. हिने बसून शोधलं तर त्याने आपल्या रिटर्नमध्ये हिच्या फर्मचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला होता. पंधरा अक्षरांत एक अक्षर इकडचं तिकडे. त्याच्या मागे लागून पुढच्या जीएसटीआर-१मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दुरुस्ती करून घेतली, तेव्हा कुठे अडकलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळालं.

"हे रेझ्युमेत का नाही?"

"ते तर रोजचंच आहे ना, काकू."

मी कपाळाला हात लावला. १४ तारखेला २बी येतं आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं. मधल्या सहा दिवसांत जी फोन करते, भांडते, फरक काढते, तिच्यावर मालकाचे पैसे अवलंबून असतात. "हॅन्डल केला" खोडून आम्ही लिहिलं: दरमहा २बी आणि खरेदी नोंदवही जुळवणं, न जुळणाऱ्या बिलांचा पुरवठादारांकडे पाठपुरावा. दिसायला साधी ओळ आहे, पण यावर कोणी दहा प्रश्न विचारले तरी तिच्याकडे दहाही उत्तरं होती.

तयारी म्हणजे माझ्या मते एवढीच. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ घ्या आणि स्वतःला विचारा: कुठून यायचा कागद, मी त्याचं काय करायचे, पुढे कोणाकडे जायचा, चुकला तर काय व्हायचं? ज्या ओळीचं उत्तर येत नाही ती ओळ काढा. रेझ्युमे अर्ध्या पानाचा झाला तर होऊ दे.

हे सगळं आधी मराठीत बोला. आईला सांगा, भावाला सांगा, अकाउंट्समधलं ओ की ठो न कळणाऱ्या कोणालाही सांगा. त्यांना समजलं की मग इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं करा. मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजीला घाबरून पाठांतर करतात आणि मधला एक शब्द विसरला की सगळंच विसरतात. खरं सांगू? आमच्या ऑफिसातल्या मुलाखती निम्म्या हिंदीतच होतात. "आय मॅच परचेस बिल्स विथ टू-बी एव्हरी मंथ" एवढं इंग्रजी मला पुरतं. "टेल मी अबाउट युवरसेल्फ"ला मात्र वडील निवृत्त, आई गृहिणी, धाकटा भाऊ बारावीला, ही कुळकथा नको. तुमच्या वडिलांना नोकरी द्यायची नाहीये. काय शिकलात, कुठे काम केलंत, रोज काय करत होतात, दीड मिनिटात संपवा.

विषयाचे प्रश्न मी साधेच विचारते. बँक रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आपली वही बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवताना, दिसलं की दिलेला चेक चार महिने वटला नाही, काय करशील? (चेकची मुदत तीन महिन्यांची असते, म्हणजे तो शिळा झाला. एंट्री उलटवायची आणि समोरच्याला फोन करायचा. तो फोन ज्याला सुचतो त्याला माझा अर्धा होकार.) टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कधीपर्यंत भरायचा? पुढच्या महिन्याची ७ तारीख, मार्चचा अपवाद. डेबिट नोट (पुरवठादाराचं देणं कमी करणारा कागद) कधी काढतात? एवढ्यावर माणूस कळतो.

एक्सेलची चाचणी हल्ली बऱ्याच ठिकाणी घेतात. व्हिडिओ बघून एक्सेल येत नाही. स्वतःच्या बँक खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा आणि पिव्होट टेबल (गटवार बेरजा काढून देणारी सोय) लावून दर महिन्याला यूपीआयने किती पैसे गेले ते काढा. तारखा मजकूर म्हणून आलेल्या असतील, रकमेत स्वल्पविराम अडकलेले असतील, एकाच दुकानाची तीन नावं असतील. नेमकं हेच ऑफिसात रोज निस्तरायचं असतं. शिवाय वडापाव आणि रिक्षावर किती उडाले तेही कळतं, तो धक्का वेगळा.

कागदपत्रांत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, पोर्टलवर आपल्या यूएएनमध्ये (पीएफच्या कायमच्या नंबराखाली) सर्व्हिस हिस्ट्री असते. तिथल्या तारखा आणि रेझ्युमेतल्या तारखा जुळवून घ्या, कारण नंतर पडताळणी करणारे तीच बघतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर सोडून दोन महिने झाल्यावर ती आपल्यालाही पोर्टलवर टाकता येते. मध्ये गॅप असेल तर असू दे. सासूबाईंचं आजारपण होतं, बाळ लहान होतं, एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. गॅप झाकायला तारखा ओढूनताणून जोडलेल्या दिसल्या की मात्र माझा विश्वास उडतो. आणि मुलींनो, मार्कशीट माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत फाइलमध्ये ठेवाच.

लग्न कधी, मूल कधी, हे प्रश्न विचारू नयेत. तरी विचारतात. आवाज न चढवता "कामाच्या वेळा मला जमतील" म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं, कारण आपण स्पष्टीकरण द्यायला लागलो की समोरचा पुढचा प्रश्न काढतो.

आता प्रवास. मी डोंबिवलीची, त्यामुळे यावर बोलायचा मला हक्क आहे. २०१४मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि आम्हा मध्य रेल्वेवाल्यांचा दादरला गाडी बदलण्याचा वनवास संपला. घाटकोपरला उतरा, मेट्रोने चकाला नाहीतर मरोळ नाका. मॅपवर हे फार सोपं दिसतं. सकाळी नऊच्या सुमारास घाटकोपरच्या पुलावर मुंगीच्या पावलाने सरकणं, मेट्रोची बॅग तपासणी, बिल्डिंगच्या गेटवर नाव-नंबर-फोटो आणि मग लिफ्टची रांग, हे मॅप सांगत नाही. पत्ता सीप्झच्या (अंधेरीतल्या निर्यात क्षेत्राच्या) आतला असेल तर पास लागतो, तो कोण काढणार हे आदल्या दिवशीच एचआरला विचारून ठेवा. बीकेसीला जाणाऱ्यांना भुयारी मेट्रो ३ आहे, मरोळ नाक्यालाच बदलता येते. पण भुयारात फोनची रेंज मिळेल असं धरून चालू नका, पत्ता आणि एचआरचा नंबर कागदावर लिहून घ्या. पावसाळ्यात रबरी सँडल घालून निघा, बूट पिशवीत ठेवा. अर्धा तास आधी पोचलात तर वर जाऊ नका, खाली चहा घ्या. फार लवकर येऊन रिसेप्शनवर बसलेल्या माणसाचं आम्हालाच ओझं होतं.

पगाराचं बोलणं. "अपेक्षा किती?" या प्रश्नाला मुलं सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, सांगतात आणि मनात हातात येणारा पगार धरलेला असतो. साधं गणित करून जा. वर्षाचे ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,००० दिसतात. समजा बेसिक (मूळ पगार) १५,००० आहे. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० आधीच बाजूला पडतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,८००, वर व्यवसाय कर २००. हातात उरतात साडेपंचवीस हजारांच्या आतबाहेर. त्यात विम्याचा हप्ता किंवा वर्षअखेरचा बोनस सीटीसीतच मोजलेला असेल तर आणखी कमी. म्हणून पगाराची फोड लेखी मागा. मागितली म्हणून कोणी रागवत नाही. आणि रागावलंच, तर अकाउंट्सच्या माणसाला पगाराची फोड न देणाऱ्या कंपनीत जायचं का, ते ठरवा.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा "नो सर, थँक यू" म्हणून उठू नका. या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? महिनाअखेरीला निघायला किती वाजतात? शनिवार सगळे भरायचे की एकाआड एक? कर्जत-कसाऱ्याकडे राहणाऱ्या मुलीसाठी महिनाअखेरीचा प्रश्न पगाराइतकाच मोठा असतो.

डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे असं काहीही मुलाखतीआधी मागितलं तर तिथून उठा. आणि "यू आर सिलेक्टेड" असा फोन आला तरी पेढे आणा, राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर ई-मेलवर येऊ द्या, त्यातली फोड, रुजू होण्याची तारीख आणि नोटीस पीरिअड वाचा. नव्या कंपनीत ९० दिवसांची नोटीस असेल तर पुढच्या वेळी कंपनी बदलताना तेच ९० दिवस तुमच्या पायात येणार आहेत, ते आत्ताच बोलून घ्या.