आंब्याची पट्टी आणि बँकेचा हप्ता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर कर्ज फेडलं ही काय सांगत सुटायची गोष्ट नाही. पण शाळेत नवीन लागलेली मुलं विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी भाऊ विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत एका वहिनींनी पापड हातात धरून विचारलं, "वीस वर्षांचं कर्ज तुमचं दहाच्या आत कसं फिटलं? एवढा पगार आहे तरी कुठे?"

पगार नाहीच तेवढा. मी शाळेत लिपिक, हे एसटीच्या आगारात मेकॅनिक. २०१४ साली रत्नागिरीजवळ नाचणे गावात अडीच गुंठ्यांवर चिऱ्याचं घर बांधलं. कर्ज १८ लाख, व्याज १०.१५ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता १७,५५०. माझा पगार आला की जवळजवळ सगळा तिकडेच जायचा आणि घर ह्यांच्या पगारावर चालायचं.

वर्षभराने बँकेतून उतारा आणला. बारा हप्त्यांचे मिळून २,१०,६०० रुपये भरले होते. मुद्दल किती कमी झालं होतं? २९ हजार आणि वर थोडे. मी लिपिक आहे, आकड्यांना घाबरत नाही, पण तो कागद तीनदा वाचला. पहिल्या हप्त्यात व्याजच १५,२२५ रुपये. मुद्दलाच्या वाट्याला २,३२५. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं, आणि सुरुवातीला सगळंच मुद्दल उरलेलं असतं. आम्ही सही केली तेव्हा हप्ता झेपतो का एवढंच पाहिलं होतं.

पावसजवळ ह्यांच्या गावी भावाभावांत वाटणी होऊन आमच्या वाट्याला हापूसची बावीस कलमं आली आहेत. फवारणी, राखण, झेल्याने काढणी, पेट्या, वाशीचं भाडं, दलाली हे सगळं जाऊन पट्टी, म्हणजे दलालाकडून विक्रीचे पैसे, हातात येते ती मेअखेर. उशिराचा माल कॅनिंगला जातो, त्याचे पैसे आणखी थोडे मागे. आणि मे महिना म्हणजे आमच्याकडे लग्नसराई. पट्टी आली की आहेर, मुंबईच्या पाहुण्यांची सरबराई, नव्या छत्र्या, शाळेची पुस्तकं. जूनची पहिली सर पडेपर्यंत पैसे गेलेले असायचे आणि कशावर गेले ते कुणालाच सांगता यायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, आंब्याचा पैसा आंब्यासारखाच, आढीत ठेवला तर नासतो.

तर २०१५ साली पट्टीतले पन्नास हजार आले त्याच आठवड्यात मी बँकेत नेऊन भरले. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "हप्ता कमी करायचा की मुदत?" मी म्हटलं, फरक सांगा. हप्ता कमी केला तर महिन्याला साधारण ४९५ रुपये वाचणार होते. हप्ता तोच ठेवला तर शेवटचे अठरा हप्ते जाणार होते. म्हणजे पन्नास हजारांत तीन लाखांच्या वरचे हप्ते! मी त्यांना पुन्हा गणित करायला लावलं. तेच आलं. तेच पन्नास हजार दहाव्या वर्षी भरले असते, तर साडेसात-आठ हप्तेच गेले असते. म्हणून मी विचारणाऱ्याला पहिलं हेच सांगते, की पहिल्या पाच-सहा वर्षांतला रुपया सगळ्यात मोठा. आणि भरताना "मुदत कमी करा" असं अर्जात लिहून द्या, नुसतं तोंडी नको. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असं आधी भरायला बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केलंय. तरी आजही लोक "दंड लागेल ना?" म्हणून घाबरून थांबतात.

आता माझी चूक. २०१६ ला उत्साहाच्या भरात पट्टीतला पै न् पै कर्जात ओतला. जुलैत सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. हातात काही नाही, आणि साध्या गृहकर्जात भरलेला पैसा मागून परत मिळत नाही. माझ्या चार बांगड्या गहाण टाकल्या, गृहकर्जापेक्षा चढ्या व्याजाने. बांगड्या सुटायला अकरा महिने लागले. त्यानंतर नियम केला, आधी सहा हप्त्यांएवढी रक्कम ठेवीत, मग कर्जाकडे पाहायचं.

ती ठेव कामाला आली २०२१ मध्ये. मेच्या मध्यावर तौक्ते वादळ आलं आणि झाडावरचा आंबा रात्रीत खाली. त्या वर्षी पट्टी जवळजवळ नाहीच. नोव्हेंबरपासून एसटीचा संप. हेही संपात, एप्रिलपर्यंत ह्यांचा पगार शून्य. माझ्या पगारात घर चालवलं आणि हप्ते ठेवीतून गेले, एकही चुकला नाही. त्या वर्षी जादा मात्र एक रुपया भरला नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

खर्चाच्या वहीबद्दलही विचारतात. हो, ठेवते. त्यातून कळलं की आमच्या घरात पैसा माशांवर जात नाही, जसं ह्यांचं म्हणणं होतं; जातो तो आहेरावर. मग आहेराची वर्षाची रक्कम ठरवली आणि माहेरच्यांची थोडी नाराजी पत्करली. सुरमईच्या जागी बांगडा आला, जून-जुलैत बंदीच्या दिवसांत सुकट आणि सोडे, त्यात काय त्याग? गणपतीत मात्र हात आखडला नाही. पाच दिवस घरात पंधरा माणसं जेवतात, तिथे हिशेब काढणारी मी नव्हे.

कुणी म्हणतं, कर्ज ठेवा, व्याजावर करात सूट मिळते. मिळते, जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत. पण शंभर रुपये व्याज भरून वीस रुपये कर वाचवायचा, तर ऐंशी गेलेच ना?

व्याजदर वाढले की काय होतं तेही बघून ठेवा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला आणि त्यामागे गृहकर्जाचे दरही चढले. आमचं तोवर थोडं उरलं होतं. पण समजा कुणी ६.९ टक्क्यांनी २५ लाख वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १९,२०० च्या आसपास. दर ९.४ झाला की त्याच २५ लाखांचं नुसतं व्याज महिन्याला साडेएकोणीस हजार होतं! म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही. दर थोडा वाढला तर बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते आणि माणसाला वाटतं काही बदललंच नाही. उतारा काढून उरलेले हप्ते मोजा.

एकूण जादा भरले ते सव्वासहा लाखांच्या आसपास. शेवटची रक्कम ठेव मोडून भरली, २०२४ च्या फेब्रुवारीत.

पेढे वाटायला थोडं थांबा मात्र. ना-देय दाखला लगेच मिळाला, पण पाकीट मोजून घेतलं तर खरेदीखत होतं आणि बिनशेतीचा मूळ आदेश नव्हता. "मुख्य शाखेत असेल, बघतो," असं दोन खेपांना ऐकलं. तिसऱ्या खेपेला मी सहज म्हटलं, की डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, आदेश सापडला म्हणून. त्याच कपाटात होता.

मग दाखला घेऊन तलाठी कार्यालयात गेले, सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला. फेरफाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस गेले, नोंद मंजूर झाली. उतारा हातात आला तो ह्यांनी डब्याच्या पिशवीत घालून आगारात नेला, आणि संध्याकाळी परत आणला तेव्हा त्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला होता.